पंगत, खाणावळ आणि ढिगातली भाकरी



आमचा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो. मध्यंतरी त्याने फोनवर तिकडच्या एका बास्क खाणावळीत जेवल्याचे वर्णन केले. लांबच लांब टेबल, शेजारी अनोळखी माणसे, मधोमध ठेवलेली भरलेली भांडी, आणि ज्याने त्याने आपल्याला हवे तेवढे घेऊन भांडे पुढे सरकवायचे. सगळे सांगून झाल्यावर त्याने विचारले, "मामा, आपल्याकडे असे कधी होते का हो?" आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की दोन मिनिटांत उत्तर मिळत नाही. म्हणून सवडीने लिहितो आहे. बाकीच्या नातेवाइकांनीही वाचावे.

आधी हे बास्क लोक कोण ते पाहू. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर पिरेनीज नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या पश्चिम टोकाला, दोन्ही देशांत पसरलेला हा समाज. त्यांची भाषा युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेच्या नात्याची नाही. त्यांच्यात घर आणि शेत एकाच वारसाला देण्याची रीत होती, त्यामुळे बाकीच्या भावंडांना बाहेरची वाट धरावी लागे. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोने सापडल्याचा बोभाटा झाला तेव्हा जे तिकडे गेले त्यांत हेही होते. सोने थोड्यांनाच मिळाले. पुढे कॅलिफोर्निया, नेवाडा, आयडाहो या भागात ते मेंढपाळ म्हणून नावारूपाला आले. गंमत म्हणजे त्यांतल्या पुष्कळांनी गावी कधी मोठा कळप राखलेलाही नव्हता, तिथे जाऊन शिकले.

दिवाळीनंतर आपल्याकडे भोकरदनच्या शिवारात धनगरांचे वाडे येऊन बसतात, ते तुम्ही पाहिले असतील. पण आपला धनगर बायको-पोरे, कोंबड्या, घोडे असे सगळे बिऱ्हाड घेऊन फिरतो. बास्क मेंढपाळ एकटा. एक कुत्रा, हजारभर मेंढरे आणि महिनोन् महिने डोंगर. बोलायला माणूस नाही. वेळ जाईना म्हणून त्यांनी तिथल्या झाडांच्या सालींवर आपली नावे आणि चित्रे कोरून ठेवली, ती आज अभ्यासाचा विषय झाली आहेत.

हिवाळ्यात काम सुटले की हा माणूस जवळच्या गावी उतरायचा. इंग्रजी येत नाही, घर नाही, नातेवाईक नाहीत. त्याच्यासाठी त्याच्याच लोकांनी रेल्वे स्टेशनांच्या आसपास बोर्डिंग हाउसे काढली. वर खोल्या, खाली लांब टेबल. बेकर्सफील्ड गावातले नोरिएगा हॉटेल १८९३ साली सुरू झाले. नेवाडातल्या एल्को गावचे स्टार हॉटेल १९१० चे. सूप, उसळीसारखे शिजवलेले घेवड्याचे दाणे, सॅलड, रस्सा, मांस, पाव आणि तांबडी वाईन असे एकामागून एक येत राहायचे. घंटा झाली की सगळ्यांनी एकदम बसायचे, उशिरा येणाऱ्यासाठी वेगळी पंगत नाही. हॉटेलवाला पत्रे घेऊन ठेवायचा, दुभाष्याचे काम करायचा, नोकरी लावून द्यायचा. गावाकडून कामाला आलेल्या मुलींची लग्ने तिथेच मेंढपाळांशी जमली. थोडक्यात, परमुलखात उभारलेले ते गाव होते. पुढे मेंढपाळ कमी झाले, तेव्हा तेच टेबल बाहेरच्यांसाठी खुले झाले आणि त्याचे रेस्टॉरंट झाले. नोरिएगाला २०११ मध्ये अमेरिकेतला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. २०२० च्या करोनाच्या काळात ते मूळ हॉटेल बंद झाले.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. असे आपल्याकडे होते का? होते. मुंबईच्या गिरणगावात होते, आणि बास्कांपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर होते.

मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली केला. नंतर परळ, लालबाग, गिरगावच्या पलीकडचा सगळा भाग भोंग्यांनी जागा होऊ लागला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, नगर या भागांतून माणसे आली. बास्कांकडे एकाच वारसाला जमीन जाते म्हणून बाकीचे निघाले. आपल्या कोकणात उलटे, जमिनीचे इतके तुकडे झाले की कोणाचेच पोट भरेना, म्हणून निघाले. बायको-मुले गावी, पुरुष मुंबईत. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा-वीस माणसे राहायची. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंग टाकायची. एकेका गावाच्या मंडळाने अशा खोल्या घेऊन ठेवल्या होत्या.

झोपायची सोय अशी झाली. जेवणाचे काय? ते बायकांनी केले. चाळीतल्याच एखाद्या खोलीत राहणारी बाई पाच, दहा, वीस माणसांचा स्वयंपाक करायची. कोणी तिच्याकडे येऊन जेवायचे, कोणाचा डबा जायचा. पैसे पगाराच्या दिवशी. ही खाणावळवाली बाई बहुधा विधवा, टाकलेली, किंवा नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून राबणारी. पहाटेच्या पाळीचे डबे भरायचे म्हणून ती भोंग्याच्याही आधी उठायची. गिरणीच्या हजेरीपटावर तिचे नाव कधी आले नाही, पण त्या गिरण्या तिच्या चुलीवर चालत होत्या असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

संप झाला की कामगाराचा पगार थांबायचा, पण त्याची भूक थांबत नाही. तेव्हा या बायका उधारीवर जेवू घालायच्या आणि स्वतः सावकाराकडून भरमसाट व्याजाने पैसे काढायच्या. कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिले. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नाही अशा बायकांना बँकेने कर्ज द्यावे, हा विचार त्या काळी नवा होता. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्याआधीच १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली तो मोठा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या भागातल्या घरगुती खाणावळीही ओस पडत गेल्या.

इथपर्यंत वाचून भाचा म्हणेल, म्हणजे आपलेही तसेच की! तर बाळा, इथे थोडे थांब. एक मोठा फरक आहे आणि तोच मला सांगायचा आहे.

बास्कांच्या टेबलावर भांडे हातोहात फिरते. माझा हात लागलेला डाव शेजाऱ्याच्या हातात जातो. आपल्या जुन्या रीतीत हे बसतच नाही. उष्टे, खरकटे, विटाळ हे शब्द किती खोल रुजलेले आहेत पहा. जेवणाऱ्याने मधल्या भांड्याला हात लावायचा नाही, म्हणून आपल्याकडे वाढपी आला. वाढपी कोण, आचारी कोण, शेजारी कोण, हे सगळे आधी ठरलेले. 'पंक्तिप्रपंच', 'पंक्तिभेद', 'पंक्तिपावन', 'रोटीव्यवहार', 'वाळीत टाकणे' हे शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत एका शब्दात सांगता येतील का मला शंका आहे. ज्या समाजाला जे करायची सवय असते, त्यासाठी त्याच्याकडे शब्द असतात.

गिरणीतही हे होते. कापड खात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा संपला की नवीन धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्य कामगाराचे तोंड लागलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, म्हणून त्यांना विणकामाच्या खात्यात घेतच नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. भोंगा एक, मालक एक, संप एक, पण पाण्याचे माठ वेगळे. मग खाणावळी एक कशा असतील? त्याही गावावार आणि जातवार. माणूस शे-दोनशे कोस लांब गेला तरी पंगत आपल्या घरचीच घेऊन गेला.

आता आपल्या गावाकडे. लग्नातली, तेरवीतली, सप्त्यातली पंगत मी लहानपणी पाहिली ती पळसाच्या पत्रावळीवरची. दुपारी सगळी पोरे द्रोण-पत्रावळी मोजायला. पत्रावळीवर पाणी शिंपडायचे, वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. उन्हाळ्यात शेतात देवाला रोडगे केले तर गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, तूप आणि वांग्याची झणझणीत भाजी. लग्नात बुंदी. "पार्वतीपते हर हर महादेव" झाले की हात चालू. यजमान ओळीतून फिरत "सावकाश होऊ द्या" म्हणायचा. वाढप्यांच्या आग्रहाला नाही म्हणायची सोय नसे, दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून बुंदी पडायचीच. आजही आठवले की तोंडाला पाणी सुटते.

पण त्याच आठवणीच्या कडेला दुसरी एक आठवण आहे. सगळ्यांचे झाल्यावर वाड्याच्या बाहेर, उकिरड्याच्या बाजूला एक पंगत बसायची. तिला यजमान "सावकाश होऊ द्या" म्हणायला जात नसे. काही जण तर बसायचेही नाहीत, घरून आणलेल्या भांड्यात वरून टाकलेले घेऊन जायचे. त्यांतली काही पोरे सकाळी माझ्याबरोबर शाळेत असायची. पंगतीची सुंदर वर्णने आजकाल पुष्कळ वाचायला मिळतात. त्यांत ही पंगत क्वचितच असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

ही ओळ मोडायचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना आहे. इथून जवळच्या पैठणला एकनाथ महाराजांनी श्राद्धाच्या स्वयंपाकाचे अन्न अस्पृश्यांना जेवू घातले, ही कथा आपण सगळे ऐकत आलो. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग वगैरेंनी परमहंस सभा काढली. तिच्या सभासदाला परजातीच्या, परधर्माच्या हातचे खाऊन आपली तयारी दाखवावी लागे, आणि हे सगळे गुप्तपणे. सभासदांची नावे फुटतील या भीतीनेच ती सभा पुढे मोडली. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही पुढारी मंडळी व्याख्यानाला गेली आणि चहा-बिस्किटे पुढे आली. त्यावरून 'ग्रामण्य' झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावे त्यात होती. एका कप चहापायी एवढ्या मोठ्या माणसांच्या मागे प्रायश्चित्ताचा ससेमिरा लागला.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढले. पण एकत्र राहणे आणि जेवणे काही जमेना, ते एकाच जातीचे होऊन बसले. तेव्हा महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वेगवेगळी बोर्डिंगे काढली. शिक्षण थांबता कामा नये, पंगत मागाहून एक करू, असा तो व्यवहारी मार्ग होता असे मला वाटते. त्याच बोर्डिंगांतून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. साताऱ्याला १९२४ मध्ये त्यांनी काढलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करायची आणि एकत्र जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. शाळेत हा धडा शिकवताना वर्गात नेहमी शांतता पसरायची.

आणि एक नाव आता विसरले गेले आहे, ते अनंत हरी गद्रे यांचे. 'निर्भीड' साप्ताहिकाचे हे संपादक. १९४० च्या दशकात त्यांनी झुणका-भाकर सहभोजने सुरू केली. पक्वान्ने नाहीत, गरिबाला परवडेल असे साधे अन्न, आणि पूजेचा मान अस्पृश्य जोडप्याला. लोक त्यांना 'समतानंद' म्हणत.

या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. नुसते शेजारी बसणे यांना पुरेसे वाटले नाही. स्वयंपाक कोणाच्या हातचा, हा खरा प्रश्न त्यांनी ओळखला होता. वरच्याने खालच्याला जेवू घालणे हे दान होऊ शकते, पुण्य होऊ शकते. खालच्याच्या हातचे वरच्याने खाणे यात मात्र पळवाट नाही.

हे मला पुस्तकातून कळले होते, पण पटले ते शाळेत. शाळेत शिजवलेली खिचडी देणे सुरू झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर. मी तेव्हा ज्या शाळेत होतो (गाव सांगत नाही) तिथे खिचडी शिजवायला एक दलित बाई नेमली गेली. स्वच्छ, वेळेवर येणारी, हाताला चव असलेली. दुसऱ्या दिवसापासून सात-आठ मुले घरून डबा आणू लागली. कोणी काही बोलले नाही. पालकांना विचारले तर, "पोराला खिचडी मानवत नाही गुरुजी." आम्ही शिक्षकांनी भाषण दिले नाही. ओसरीवर हजेरीपटाच्या क्रमाने मुले बसवायला सुरुवात केली आणि आम्हीही त्याच ओळीत ताट घेऊन बसू लागलो. फोडणीचा वास आणि शेजारच्याचे भरलेले ताट यांनी आमच्यापेक्षा जास्त काम केले. पंधरा दिवसांत डबे एकेक करून बंद झाले. एक डबा मात्र वर्षभर येत राहिला. तो पोरगा हळूच मित्राच्या ताटातली खिचडी खायचा आणि आपली पोळी त्याला द्यायचा, हे आम्हाला दिसत होते. आम्ही दुसरीकडे पाहायचो.

आता लग्नांत बुफे आला. जुनी माणसे नाके मुरडतात, "उभ्याने चरायचे, ही काय रीत?" गुडघे दुखत असल्यामुळे बसून उठणे मलाही जमत नाही, पण ताट हातात धरून उभे राहणे त्याहून अवघड. आग्रह गेला याचे वाईट वाटते. तरी एक सांगतो, बुफेच्या रांगेत पुढे कोण आणि मागे कोण हे कोणी विचारत नाही, आणि डाव सगळ्यांच्या हातातून फिरतो. म्हणजे बास्कांचे टेबल आपल्याकडे आले ते केटररच्या मार्गाने! समाजसुधारकांना जे शंभर वर्षांत अर्धवट जमले, त्यातले थोडे मंगल कार्यालयाने नकळत करून टाकले. असो.

खरी पंगत टिकली आहे ती अखंड हरिनाम सप्त्यात. काल्याच्या कीर्तनानंतर सगळा गाव जेवतो. आमटी किंवा भाजी एका ठिकाणी मोठ्या कढईत शिजते, पण पोळ्या किंवा भाकरी घरोघरी वाटून दिलेल्या असतात. सकाळी टोपल्या येतात आणि एका स्वच्छ कापडावर किंवा ट्रॉलीत त्यांचा ढीग लागतो. या ढिगाची मला मोठी मौज वाटते. एकदा त्यात पडली की कोणती भाकरी कोणाच्या घरची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गोल, जाड, करपलेली, फुगलेली, सगळ्या एकात एक. भोकरदन हे जुने भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनच्या लोकांचे उल्लेख कोरलेले आहेत. म्हणजे दहा घरांतून जमवून एक काम उभे करायची सवय आपल्या मातीत दोन हजार वर्षांपासून आहे.

मात्र इतिहासाचा मास्तर असल्यामुळे एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. सप्त्यात सगळे जेवतात, हे तर आता बहुतेक गावांत झाले आहे. पण पोळ्यांचा निरोप सगळ्या घरी जातो का? काही गावांत जातो, मी पाहिले आहे. काही गावांत विशिष्ट वस्तीला निरोपच जात नाही. "त्यांच्याकडून वर्गणी घेतली की, पोळ्या कशाला?" असे गोड उत्तर मिळते. तेही मी ऐकले आहे. पंगतीत बसवून घेतले म्हणजे काम संपले असे समजणाऱ्यांनी गद्रे आणि लक्ष्मीबाई आठवाव्यात.

तेव्हा भाचेबुवा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की टेबल आपल्याकडेही होते, फक्त ते जमिनीवर होते आणि त्याच्या मधोमध रेघ होती. ती पुसायला लोकांनी दागिने विकले, प्रायश्चित्ते घेतली, कोणी गुपचूप पाव खाल्ला. ती पुष्कळ पुसली गेली आहे, पण सगळी नाही.

बाकी वाचणाऱ्यांना एक विनंती. आपापल्या गावी पुढच्या सप्त्याला गेलात की एवढे पाहून या, ढिगात कोणाकोणाच्या घरच्या भाकरी येतात. आणि मला जरूर कळवा.